भिंगारदिवे नानांचा बांध

सूड या शब्दाला आपल्याकडे उगाच वाईट नाव आहे. पुस्तकात क्षमा मोठी, कीर्तनात क्षमा मोठी, आणि घरी मात्र जावेने लग्नात केलेला अपमान तीस वर्षांनीही कोणत्या पंगतीत केला ते सांगता येतं. खरी क्षमा करणारी माणसं मी फारशी पाहिली नाहीत. विसरणारी पाहिली, घाबरणारी पाहिली, आणि त्या घाबरण्यालाच क्षमा म्हणणारी तर पुष्कळ पाहिली. भिंगारदिवे नाना यांतले कोणीच नव्हते. ते सूड घ्यायचे. सावकाश, बैजवार, आवाज न चढवता घ्यायचे. मला ते फार आवडायचं, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे माझाही नंबर आहे.

आमचा साखर कारखाना श्रीगोंदा तालुक्यातला. माझे मिस्टर तिथे लॅबमध्ये होते आणि मी टाइम ऑफिसात क्लार्क. टाइम ऑफिस म्हणजे कामगारांची हजेरी ठेवायची जागा. कोण कोणत्या पाळीला आला, कोण उशिरा आला, कोण रजेवर, कोण न सांगता पळाला, सगळं आमच्या मस्टरवर. नाना माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. पन्नाशी उलटलेले, उंच, सावळे, पांढऱ्या शर्टाला अशी इस्त्री की पाठ टेकतात की नाही अशी शंका यावी. डाव्या हाताने लिहायचे आणि अक्षर आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं. उजवा हात पँटच्या खिशात. लग्नात खिशात, मयतीत खिशात, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतसुद्धा खिशात.

त्या हाताला अंगठ्याशेजारची दोन बोटं नव्हती. नाना पूर्वी फिटरचे हेल्पर होते, गव्हाणीवर. उसाच्या मोळ्या जिथे टाकतात आणि साखळी त्या गिरणीकडे ओढून नेते, ती गव्हाण. साखळी बंद आहे असं नानांना एकाने सांगितलं होतं. ती बंद नव्हती. नाना मॅट्रिक होते म्हणून कारखान्याने त्यांना हलकं काम दिलं आणि ते टाइम ऑफिसात आले. दोन बोटं देऊन घेतलेली ती खुर्ची, तिची किंमत आमच्यापैकी कोणाला कळणार?

"ज्यानं साखळी बंद आहे म्हणून सांगितलं, त्याचं काय केलंत हो नाना?" मी एकदा विचारलं होतं.

"त्यो पुढच्याच वर्साला मेला," नाना म्हणाले. मस्टरचं पान उलटत म्हणाले, "सुटला."

त्यांच्या पद्धतीचा पहिला नमुना मी पाहिला तो कँटीनच्या गणपतचा. नाना गव्हाणीवर होते तेव्हा या गणपतने त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप बाजूला ठेवलेला असायचा, खिडकीच्या कट्ट्यावर. कायदा, सरकार, शाळेतली पुस्तकं सगळं एकीकडे आणि तो कप एकीकडे. नाना वर्षभर त्या कपातून चहा प्याले आणि एक शब्द बोलले नाहीत. टाइम ऑफिसात आले त्या दिवशी घरून स्टीलचा पेला घेऊन आले आणि हातात पेन घेतलं. आमच्याकडे दहा मिनिटांपर्यंत उशीर झाला तर लिहायचा नाही, असा जुना रिवाज. गणपत रोज पाच-सात मिनिटं उशिरा यायचा. नाना लिहायचे. सहा मिनिटं. आठ मिनिटं. चार मिनिटं. महिने गेले, वर्षं गेली, साहेब बदलले. शेवटी गणपत एकदा रडकुंडीला येऊन टेबलाशी उभा राहिला.

"नाना, समद्यांना सूट हाय. मलाच का हो?"

नानांनी मान वर केली नाही. "तुझ्यासाठी येगळं ठिवलंय," म्हणाले.

मी त्या दिवशी घरी जाऊन मिस्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "माणूस डूख धरतो." मी म्हटलं, "धरायलाच पाहिजे." त्या रात्री आमचं थोडं वाजलंच.

दुसरा नमुना शेताचा. काष्टीच्या बाजूला नानांचं तीन एकर रान होतं, वाडवडलांपासूनचं, वतनाचं. शेजारी बापूराव म्हणून एक बडा शेतकरी. तो दर साली नांगर घालताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, बांधातून काढायचा. आमच्या भागात याला बांध कोरणं म्हणतात, आणि यावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात. नानांच्या लहानपणी त्या बांधावरून बैलगाडी जायची. पुढे पुढे शेळीलासुद्धा पायापुढे पाय टाकून जावं लागे. मी म्हणायची, "अहो नाना, तक्रार करा की." नाना म्हणायचे, "थांबा. त्याचं काम अजून अर्धंच झालंय."

मग एके साली बापूरावने कोरून घेतलेल्या पट्ट्यात विहिरीच्या मोटारीसाठी खोली बांधली. पक्क्या विटांची, वर सिमेंटचा स्लॅब, आत विजेचा मीटर. पूजा घातली, जेवणावळ केली. नानांना आमंत्रण होतं. नाना जाऊन जिलबी दोनदा मागून घेऊन जेवून आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोजणीचा अर्ज दिला. सरकारी माणूस आला, खुणा रोवल्या, आणि मोटारीची ती खोली पायापासून स्लॅबपर्यंत नानांच्या हद्दीत निघाली. बापूराव मोटार उचलून घेऊन गेला. नानांनी खोली पाडली नाही. तिथे त्यांनी शेळ्या बांधल्या. मग नवा बांध घातला, गुडघाभर उंच, हातभर रुंद, त्यावर घायपात लावलं.

"माणसाला आधी बांधू द्यावं, बाई," ते मला म्हणाले. "पुरं बांधू द्यावं. मग मोजणी लावावी. आन बांध जाड पायजे. बारीक बांध कोरणाराला दिसत न्हाई आन धन्यालाबी दिसत न्हाई."

हे ऐकताना मला वाटलं नव्हतं की हा बांध पुढे आमच्या ऑफिसात येणार आहे.

सत्त्याण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटर आले. तीन आमच्या वाट्याला. त्यांच्यासाठी वेगळी खोली, थंड हवा सोडणारं मशीन, दाराशी चपला काढायच्या. आणि त्यांच्याबरोबर आले जगदाळे साहेब. पुण्याचे, तिशीतले, एका संचालकांच्या साडूचे चिरंजीव. अंगाला अत्तर इतकं की साहेब येऊन गेले हे रजेवरच्या माणसालाही कळावं. या माणसाबद्दल मी चांगलं काही सांगणार नाही. माझ्याकडे नाहीच.

जूनमध्ये, हंगाम संपल्यावर, आम्हा आठ जणांचं ट्रेनिंग लागलं. पडद्यावर एका विंडोत पाळीची यादी, दुसऱ्या विंडोत हजेरी. दोन्ही शेजारी शेजारी लावायच्या म्हणजे ताडून पाहता येतं. त्यासाठी विंडोची कड माऊसने पकडून आत ओढायची. ऐकायला सोपं. पण ती कड सुताएवढी बारीक. बाण बरोबर तिच्यावर नेला की तो दुतोंडी व्हायचा, तेवढ्यात बटण दाबून धरायचं आणि ओढायचं. हात केसभर हलला की बाण पुन्हा एकतोंडी, आणि कड जागच्या जागी. साहेबांनी एकेकाला पुढे बोलावलं, बाकीचे सात मागे ओळीने उभे. मला दुसऱ्या खेपेला जमलं. मी अशी वळले, जसा काही कारखाना मीच चालवते.

शेवटी नाना. त्यांनी माऊस डावीकडे घ्यायला हात घातला तर साहेब म्हणाले, "उजवा हात. सगळे उजव्याने करतात." म्हणून तो हात खिशातून बाहेर आला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. अंगठा, मग नुसती जागा, मग दोन बोटं. माऊसचं डावं बटण दाबतात ते अंगठ्याशेजारच्या बोटाने, आणि ते तर साखळीने नेलेलं. नानांचं उरलेलं बोट पडायचं उजव्या बटणावर, आणि भलतीच यादी उघडायची. मग ते हात वाकडा करून अंगठ्याने डावं बटण दाबायचे. त्यात माऊस सरकायचा आणि कड सुटायची. पुन्हा बाण न्यायचे. पुन्हा यादी उघडायची. मी मोजलं नाही, पण पंधरा-सतरा वेळा झालं असेल. शर्टाची पाठ ओली झालेली मागून दिसत होती.

"अहो भिंगारदिवे, राहू द्या," साहेब म्हणाले. "याला बोटं लागतात."

आणि हसले. आणि आम्ही सातही जण हसलो.

मी का हसले? साहेब हसले म्हणून, आणि मला दुसऱ्या खेपेला जमलं होतं म्हणून. याहून बरं कारण मला नंतरही सापडलेलं नाही.

नानांनी हात खिशात घातला. मग वळून आम्हा एकेकाकडे पाहिलं, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक तोंडावर जरा थांबत, हजेरी घेतल्यासारखं. साहेब म्हणाले, "दसऱ्याला बॉयलर पेटेल. तोपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर तुम्हाला यार्डात पाठवतो. तिथे नुसती काठी धरून उभं राहायचंय." यार्ड म्हणजे उसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, ट्रक यांची रांग लावायची जागा. दिवसभर उभं राहणं, डोळ्यात पाचट आणि नाकात धूळ. वर्षानुवर्षं टाइम ऑफिसात बसलेल्या माणसाला पन्नाशीनंतर तिथे धाडणं म्हणजे सगळ्या कारखान्याला सांगणं, की हा आता कामाचा नाही.

त्या दिवसापासून नाना तासभर आधी येऊ लागले. कॉम्प्युटरबरोबर आलेलं इंग्रजी जाडजूड पुस्तक कपाटात पडून होतं, ते त्यांनी काढलं. शेजारी लेकीच्या शाळेतली डिक्शनरी. पानागणिक अडायचे, शब्द वहीत उतरवायचे, पुढे जायचे. मी विचारलं, "काय शोधताय नाना?" तर म्हणाले, "मोजणी चाललीय."

श्रावणात एकदा मी लवकर गेले तर त्यांच्या पडद्यावरची विंडो पाहून थबकलेच. तिच्या कडा अंगठ्याएवढ्या जाड झाल्या होत्या. चारी बाजूंनी करड्या रंगाचा भक्कम पट्टा. नानांनी माऊस डावीकडे घेतला होता. त्यांनी बाण सहज कुठेतरी टेकवला, तो दुतोंडी झाला, आणि विंडो सुतासारखी सरळ आत आली. नेम धरायला नको, श्वास रोखायला नको.

"नाना! हे काय?"

"बांध घातला."

"पण केलंत कुठून?"

"हाय एक जागा," नाना म्हणाले. ती जागा त्यांनी सांगितली नाही. पण दुसरी एक गंमत दाखवली. माऊसला हातही न लावता कीबोर्डवरच्या दोन कळा एकदम दाबल्या, मग एक अक्षर, मग बाणाच्या कळा, आणि विंडो टुकूटुकू लहान होत गेली. डावा हात आणि उजव्याचा अंगठा, एवढ्यावर.

"चला, आत्ता साहेबांना दाखवू," मी म्हटलं. मला कोण आनंद झाला होता.

"न्हाई. साहेबांला बांधू द्या."

साहेब यायची वेळ झाली तशा त्यांनी कडा पुन्हा बारीक केल्या आणि मस्टर पुढे ओढून बसले.

दसऱ्याला बॉयलर पेटवायचा कार्यक्रम, आणि त्यानंतर चेअरमनसाहेब व संचालक यांना कॉम्प्युटरचं प्रात्यक्षिक, असं जगदाळ्यांनी ठरवलं. आदल्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी प्रत्येक यंत्राची पूजा होते. लेथ, पंप, वजनकाटा, टाइपरायटर. कॉम्प्युटरची पहिलीच खंडेनवमी, म्हणून आमचे हेडशिपाई तात्या भलतेच उत्साहात होते. आठवडाभर आधीच हळद-कुंकू, नारळ आणि झेंडूच्या माळांची यादी फिरत होती. तेव्हा नाना सगळ्यांसमोर साहेबांना म्हणाले,

"साहेब, माऊसच्या पोटात गोळी असती. ती फिरती तवा बाण फिरतो. तिला कुकू-पानी लागलं तर चिकटून बसंल."

साहेब म्हणाले, "भिंगारदिवे, तुमच्यात पूजा नसते ना? मग नका करू. दुसऱ्यांच्या पूजेत विघ्न कशाला आणता?"

खोलीतले सगळे त्या यादीत डोकं घालून बसले. मीही. नाना म्हणाले, "बरं," आणि जागेवर जाऊन बसले.

खंडेनवमीला पूजा झाली. साहेबांनी स्वतः पहिलं कुंकू लावलं. पडद्याला टिळा, कीबोर्डच्या काठाला टिळा, वर फुलं. आणि मग तात्यांना ती पोटातली गोळी आठवली. तीन माऊस त्यांनी एकामागोमाग एक उताणे केले. "खरा जीव हिच्यात हाय म्हन्त्यात," असं म्हणून प्रत्येक गोळीला ओलं हळद-कुंकू लावलं आणि वरून नारळाचं पाणी शिंपडलं. साहेब तेव्हा दारात फोटो काढून घेत होते. नाना मागे भिंतीला टेकून उभे होते, हात खिशात. त्यांनी ती गोष्ट थांबवायला सांगितली होती की सुचवायला, हे मला आजवर कळलेलं नाही. मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "मी खरं त्येच सांगितलं हुतं."

नारळाचं पाणी वाळायला रात्र पुरते.

दुसऱ्या दिवशी बॉयलर पेटला, पेढे वाटले गेले, आणि चेअरमनसाहेब दहा-बारा संचालकांसह आमच्या खोलीत आले. बाहेर चपलांचा ढीग. साहेब नव्या सफारीत. "आता बघा, एका क्षणात दोन्ही याद्या शेजारी शेजारी," म्हणाले आणि माऊस फिरवला. बाण हलला नाही. पुन्हा फिरवला. बाण एक उडी मारून कोपऱ्यात गेला आणि तिथेच चिकटला. साहेबांनी माऊस टेबलावर घासला, आपटला, उचलून पाहिला. हाताला कुंकू लागलं. दुसऱ्या मशीनवर गेले, तीच गत. तिसऱ्यावर गेले. अत्तराचा वास जाऊन घामाचा यायला लागला होता. मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू. पाप लागत असेल तर लागो.

"आवो, काय झालं?" चेअरमनसाहेब म्हणाले. म्हातारे, धोतरातले, जाड चष्म्याचे. "दिसंना मला काय."

साहेबांनी मागे पाहिलं. "भिंगारदिवे, जरा बघा हो."

नाना जागेवरून उठले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पण साध्या आवाजात म्हणाले, "साहेब, याला बोटं लागत्यात. मला न्हाईत."

चार महिन्यांपूर्वी हसलेले आम्ही सातही जण तिथेच होतो. चेअरमनसाहेब वळले. नानांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. अशी माणसं फार शिकलेली नसली तरी त्यांना वास बरोबर येतो.

"तुमाला येतंय का?" त्यांनी नानांना विचारलं.

"साहेबांनी सांगितलं तर येतंय."

साहेबांचा चेहरा कुंकवासारखा झाला होता. "करा," ते पुटपुटले. नाना तसेच बसून. "करून दाखवा, भिंगारदिवे." नाना बसून. शेवटी, सगळे संचालक पाहत असताना, साहेब म्हणाले, "नाना, तुम्ही करून दाखवा. मला... जमत नाहीये."

तेव्हा नाना उठले. मशीनसमोर बसले आणि उजवा हात खिशातून बाहेर काढून, सगळ्यांना दिसेल असा, कीबोर्डवर ठेवला. डावा हात आणि तो अंगठा. पाळीची यादी आक्रसत डावीकडे गेली, हजेरी उजवीकडे येऊन बसली. मग त्यांनी खाडखाड आणखी काही कळा दाबल्या, काय ते आम्हाला कळायच्या आत पडद्यावर अंगठ्याएवढ्या कडा उमटल्या.

"हां!" चेअरमनसाहेब म्हणाले. "आता कसं, कुठून कुठवर हाय ते दिसतंय. समद्या मशिनींवर असंच करा." मग त्यांना आठवलं. "आन यार्डातबी एक मशीन बसवायचंय या हंगामात. तिथं कोण बसनार?"

"तितं जानकार मानूस पायजे," नाना म्हणाले. "साहेबांइतकं जानकार दुसरं कोन हाय?"

साहेबांनी तोंड उघडलं, पण चेअरमनसाहेब चपला शोधायला लागले होते.

असे जगदाळे यार्डात गेले. पत्र्याची टपरी, समोर बैलगाड्या, खिडकीतून पाचट आत. नाना रोज दुपारच्या चहाला स्टीलचा पेला घेऊन वाट वाकडी करून तिकडून जायचे आणि खिडकीशी थांबून अगदी आपुलकीने विचारायचे, "धूळ लई हाय का, साहेब?" रोज. रविवार सोडून. संक्रांतीनंतर साहेब पुण्याला गेले ते परत आले नाहीत. आणि तिन्ही माऊस? ते नानांनी दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी उघडून साफ केले, करंगळीच्या नखाने. दहा मिनिटं लागली.

नंतरची दोन वर्षं आम्ही सगळे त्या जाड कडांवर काम करत होतो. इतकी सवय झाली की विंडोला बारीक कड असते हेच विसरलो. मला दरम्यान चष्मा लागला, तरी कधी नेम चुकला नाही. माऊस अडला की नाना साफ करायचे. नानांचा हात त्या दसऱ्यानंतर खिशात गेला नाही. मिस्टर नगरला दवाखान्यात होते तेव्हा पंधरा दिवस माझ्या टेबलाचं सगळं काम नानांनी केलं आणि मी परत आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, झालं, मिटलं. तरी मनात ते होतंच. एकदा डबा खाताना मी म्हटलं, "नाना, त्या दिवशी मीही हसले होते. चुकलं माझं."

"ठावं हाय," नाना भाकरी मोडत म्हणाले. "डावीकडून तिसऱ्या हुत्या तुमी."

"मग?"

"मग काय? येईल नंबर." आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या डब्यात वाढली.

नव्व्याण्णव साली ते रिटायर झाले. शाल, श्रीफळ, भाषणं. गणपतनेही हार घातला. शेवटी नाना म्हणाले, मशीनींना जरा भेटून येतो. एकटेच आत गेले. काचेतून मी पाहत होते. प्रत्येक कॉम्प्युटरसमोर दोन-दोन मिनिटं बसले, कळांवरून हात फिरवला आणि उठले. मला भरून आलं. मी पदराने डोळे पुसले, हे सांगायला मला आता लाज वाटते. मग सायकलवर टांग टाकून, आम्हाला तोच हात हलवून दाखवून, ते गेटबाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन चालू केलं. विंडोची कड सुताएवढी बारीक.

तिन्ही मशीनवर तीच. आम्ही सगळे जमलो. बांध कुठून घातला होता ते नानांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं, आणि दोन वर्षांत ते विचारून ठेवावं असं एकालाही वाटलं नव्हतं. माऊस जुने झालेले, त्यांत धूळ. मी चष्मा सारखा करून बाण नेत होते, दुतोंडी झाला की दाबत होते, आणि कड सुटत होती. पुन्हा. पुन्हा. दुपार झाली तरी हजेरी निघेना, नवे साहेब डोक्याशी उभे. पंधरा-सतरा वेळा झालं असेल, आणि मागून कोणीतरी फिसकन हसलं. मी वळून पाहिलं, डावीकडून उजवीकडे. कोण ते मला कळलं. तो हिशेब वेगळा आहे.

नाना मला पुन्हा एकदाच भेटले, काष्टीच्या बाजारात. ऊन होतं, डोक्याला उपरणं, शर्ट तसाच कडक. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि उरल्या बोटांनी मिरच्या निवडत होते, पोत्यावर वाकून, गर्दीच्या मधोमध. मी जाऊन उभी राहिले.

"नाना, सातही जणांचं एकदम उरकलंत की," मी म्हटलं.

"साहेबाला धरून आठ. त्येचं आधीच झालं हुतं."

"आता तरी सांगा. कुठे असते ती जागा?"

नानांनी मिरच्यांवरून मान वर केली. इतकं प्रसन्न हसू मी त्यांच्या तोंडावर आधी पाहिलं नव्हतं.

"मला दोन म्हैने लागलं, बाई," ते म्हणाले. "तुमाला तर दहाबी बोटं हायत."

मग त्या हाताने कोथिंबिरीची एक जुडी उचलून माझ्या पिशवीत टाकली आणि पुढच्या पोत्याकडे गेले.